चंद्रपूरच्या उन्हात बॉनेटवरचं मेण

होळी जवळ आली की चंद्रपूर, बल्लारपूरच्या वॉशिंग सेंटरांवर गाडीवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: रंग टिकवायला मेणाचं पॉलिश मारावं की सीलंट? पुण्या-मुंबईत हा आवडीनिवडीचा मामला असेल. इथे मात्र निकाल तापमापक देतो.

एप्रिल-मेमध्ये या भागात पारा 45 ते 47 अंशांपर्यंत चढतो, आणि हे झालं सावलीतल्या हवेचं तापमान. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. किती, ते बऱ्याच अंशी रंगावर ठरतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दोन होंडा सिव्हिक गाड्या उन्हात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक काळी, दुसरी चंदेरी. बाकी सगळं सारखं. काळ्या गाडीचं छत चंदेरीपेक्षा 25 अंशांपर्यंत जास्त तापलं. चंद्रपूरच्या मे महिन्यात काळं बॉनेट 70 अंशांच्या पुढे जातं ते यामुळेच.

गडचिरोलीच्या जंगलात आग्या मोहोळातला मध पिळून घेतल्यावर जे मेण उरतं, ते साठ-पासष्ट अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे दुपारी बारा ते चार ते बॉनेटवर घट्ट राहणारच नाही. मऊ पडेल आणि उडणारी धूळ धरून ठेवेल. मोटारीच्या पॉलिशमध्ये म्हणूनच कार्नोबा मेणाला मान आहे. ते 82 ते 86 अंशांना वितळतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पंख्यासारख्या पानांवर हे मेण साचतं. तिथे वर्षातले कित्येक महिने पाऊस नसतो, तेव्हा पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडानेच केलेली ही तजवीज. पानं तोडून उन्हात वाळवायची, झोडपायची, की मेणाची भुकटी गळून पडते.

या मेणाच्या ओढीने घडलेला एक प्रवास सांगायलाच हवा. अमेरिकेत रॅसिन गावी जॉन्सन कुटुंबाचा मेणाच्या पॉलिशचा कारखाना होता. 1935 साली त्याचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या सिकोर्स्की एस-38 विमानातून थेट ब्राझीलच्या फोर्तालेझाला गेले. कारखान्याला पुरेल इतकी ही झाडं आहेत का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. पुढे 1998 साली त्यांचे पुत्र सॅम यांनी त्याच विमानाची प्रतिकृती बांधून घेतली आणि वडिलांच्या वाटेने पुन्हा उड्डाण केलं. पॉलिशच्या डबीमागे एवढं वेड असू शकतं!

पण डबीतलं मेण शुद्ध कार्नोबा नसतं. शुद्ध कार्नोबा इतकं टणक असतं की ते फडक्याने पसरतच नाही. त्यात द्रावकं, तेलं आणि इतर मऊ मेणं मिसळावी लागतात, आणि मिश्रण 82 अंशांच्या बरंच आधी मऊ पडतं. लेबलवर कार्नोबाचं नाव ठळक असलं तरी इथल्या उन्हाळ्यात ते पॉलिश फार तर काही आठवडे टिकेल.

सीलंटचा पाया बहुधा सिलिकोन असतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू आलटून पालटून जोडलेली ही साखळी बॉनेटच्या तापमानाला दाद देत नाही. तिला जोडलेले अमिनो गट रंगाच्या पृष्ठभागाला धरून राहतात. या रसायनशास्त्राचं श्रेय ज्यांना सर्वांत आधी द्यायला हवं, ते फ्रेडरिक किपिंग आज फारसे कुणाला ठाऊक नाहीत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये त्यांनी जवळपास चाळीस वर्षं सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर काम केलं. प्रयोगात उरणारे चिकट, स्फटिक न होणारे गोळे त्यांच्या लेखी त्रासच होता. 1936 च्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी या शाखेत लवकर मोठी प्रगती होईल अशी आशा वाटत नसल्याचं सांगितलं. चारच वर्षांनी, 1940 मध्ये, अमेरिकेत यूजीन रोचो यांना सिलिकोनचा कच्चा माल थेट बनवण्याची युक्ती सापडली आणि कारखाने उभे राहिले. ते चिकट गोळेच आज रंगाचं रक्षण करतात. निराश होऊनही चाळीस वर्षांच्या नोंदी नेटक्या ठेवणारा हा माणूस रोचोंच्या बरोबरीने लक्षात राहायला हवा.

तेव्हा उन्हाळ्यापुरता कौल सीलंटला. मात्र या जिल्ह्यांत ऊन एकटं येत नाही. 2,920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आणि कोळशाच्या खाणी, गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंट कारखाने, सुरजागडहून आलापल्लीमार्गे धावणारे लोहखनिजाचे ट्रक: राखाडी, काळी, लाल धूळ प्रत्येक तालुक्यात निराळी. रस्त्याच्या धुळीतला क्वार्ट्झ आणि लोहखनिजातला हेमॅटाइट दोन्ही रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असतात. सकाळी घाईत कोरडं फडकं फिरवलं की तेच फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा आणि त्यावरचं मेण किंवा सीलंट एक मायक्रॉनही नसतं. ते ओरखडे अडवणार नाही. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच हात लावायचा.

‘टेफ्लॉन कोटिंग’च्या पाट्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. तव्यावर हा पदार्थ घट्ट बसतो तो 327 अंशांच्या वर भाजल्यामुळे. गाडीचा रंग एवढ्या तापमानाला जळून जाईल. पॉलिशमध्ये त्याची भुकटी कालवून तव्यावरचा गुण पत्र्यावर येत नाही. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतला ‘9एच’ हा आकडाही पेन्सिलीने ओरखडा काढून बघण्याच्या चाचणीतला आहे. खनिजांच्या मोह्स मापनाशी त्याची गल्लत करून कोटिंग दगडाइतकं कठीण मानू नये.

सीलंटचं एक दुबळेपणही आहे, आणि राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या गाडीमालकांनी ते ध्यानात घ्यावं. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि तीव्र अल्कलीपुढे सिलिकोनची साखळी तुटते. तिथे दवाने भिजलेली सिमेंटची धूळ पत्र्यावर घट्ट होण्याआधी धुवावी लागते. भारी फेसाचे अल्कधर्मी शाम्पूही टाळलेले बरे. पाणी पत्र्यावर गोळ्या न होता सपाट पसरू लागलं की, बाटलीवर सहा महिन्यांची हमी असली तरी, नवा हात मारायची वेळ झालेली असते.