भाताचं बी पारखायचं तर टब कसा हवा?

मैत्रिणींनो, शहरातल्या सराफ बाजारात झारेकरी बायका काम करताना दिसतात. दुकानांसमोरची धूळ, गटारातला गाळ त्या गोळा करतात, घमेल्यात पाणी घालून हलवत राहतात. माती पाण्याबरोबर निघून जाते आणि सोन्याचा बारीक कण तळाला राहतो. सोनं पाण्याच्या 19 पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. जड ते खाली बसतं, हलकं ते वर येतं, एवढीच त्यातली युक्ती.

आपल्या डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात नदीत सोनं सापडत नाही. आपलं सोनं म्हणजे भात. कोसबाड असो की तलासरी, राब पेरायच्या आधी हीच युक्ती घरच्या बियाण्याला लावता येते. खर्च होतो फक्त मिठाचा.

सूप असताना पाणी कशाला?

सुपाने पाखडलं की फोल उडून जातं, पण अर्धवट भरलेला दाणा सुपातच राहतो. तो एक तर उगवत नाही, किंवा उगवला तरी रोप किडकं येतं. मग राब विरळ होतो आणि ऐन लावणीत दुसऱ्याच्या दारात रोपं मागायला जावं लागतं. साध्या पाण्यात असा दाणा कधी कधी बुडतो. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे तो वर येतो.

टब घेताना काय बघायचं?

सोनं धुणारे लोक आता प्लॅस्टिकची थाळी वापरतात, कारण ती हलकी असते आणि गंजत नाही. आपल्यालाही प्लॅस्टिकच बरं. लोखंडी घमेल्याला मिठाने गंज चढतो, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला डाग पडून बारीक भोकं पडतात.

- टब पसरट तोंडाचा आणि 20 ते 25 लिटरचा घ्या. 10 लिटर पाणी आणि 5 किलो बी घातल्यावरही हलवायला जागा उरली पाहिजे.
- काठ जाड हवा. भरलेला टब दोघींनी उचलताना पातळ काठ वाकतो किंवा फाटतो.
- नवा टबही आधी साबणाने धुवा, मग साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. तेलकटपणा राहिला तर तेल दाण्याला लागतं आणि भरलेला दाणासुद्धा वर तरंगू शकतो. सोनं धुणारेही नवी थाळी याच कारणाने आधी घासून घेतात.
- कीटकनाशकाचा कॅन कापून टब करू नका. कितीही धुतला तरी विष पूर्ण जात नाही.
- टबावर रंगाने 'बियाणे' असं लिहा. मग तो स्वयंपाकाला किंवा पिण्याच्या पाण्याला घ्यायचा नाही.

करायचं कसं?

1. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाका आणि पूर्ण विरघळू द्या. मीठ मुठीने घालू नका, तराजूवर मोजा. काही ठिकाणी अंडं तरंगेपर्यंत मीठ घालतात. पण ताजं अंडं तरंगायला 10 टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं, शिळं अंडं त्याआधीच वर येतं. तो अंदाज धरू नका.
2. पाखडलेलं बी थोडं थोडं ओता आणि हाताने चांगलं ढवळा. दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर चांगला दाणाही वर राहतो.
3. पाणी थोडं स्थिर झालं की वर आलेलं बी चाळणीने काढा. परत ढवळा, परत काढा. बी मिठाच्या पाण्यात भिजत ठेवू नका.
4. तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. मीठ राहिलं तर उगवण मार खाते.
5. बी सावलीत पातळ पसरून 24 तास सुकवा. औषध चोळायचं असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारून, हातमोजे घालूनच चोळा. जिवाणू खत त्यानंतर, सर्वांत शेवटी.

वर आलेलं भात धुवून, सुकवून कोंबड्यांना घाला. मिठाचं पाणी राबाच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

दुकानातून आणलेलं रंगीत, औषध लावलेलं बी या पाण्यात घालू नका. औषध धुवून जातं, आणि ते बी कोंबड्यांनी खाल्लं तर जिवावर बेतेल. संकरित भाताचं बी घरी राखूही नका, पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही.

दुसरं म्हणजे, बुडलेला दाणा भरलेला असतो, पण तो जिवंत आहे का हे पाणी सांगत नाही. म्हणून 100 दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फडकं ओलं ठेवा. सात-आठ दिवसांनी कोंब मोजा. 80 किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. बरेच कमी आले तर दुसरं बी शोधायला वेळ मिळतो, म्हणून ही परीक्षा मृगाच्या आधी, मे महिन्यातच करा.

प्रत्येकीने टब विकत घ्यायची गरज नाही. गटात एक टब, एक तराजू आणि एक चाळणी पुरे. मेच्या बैठकीत वार ठरवा आणि पाळीपाळीने बी धुवून घ्या. कुणाचं किती बी वर आलं, कुणाचे किती कोंब निघाले, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणाकडचं बी घ्यायचं, ते त्या वहीतूनच कळेल.