थकलेली पोटगी आणि दत्तकाची सही

समजा, घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईकडे आला. तिने दुसरे लग्न केले आणि नव्या नवऱ्याला ते मूल रीतसर दत्तक घ्यायचे असेल, तर अडसर उरतो जन्मदात्या वडिलांच्या सहीचा. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम ९ प्रमाणे मूल दत्तक देण्याचा हक्क आईवडील दोघांना सारखाच आहे, पण एकाला तो दुसऱ्याच्या संमतीशिवाय बजावता येत नाही. अपवाद तीनच : दुसऱ्याने संसाराचा पूर्ण व कायमचा त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवले असेल. म्हणजे संन्यास घेतलेल्या बापाची संमती लागत नाही. त्याच गावात राहून, कमावता असूनही वर्षानुवर्षे पोटगीचा एक रुपया न देणाऱ्याची मात्र लागते. कायद्यातली ही उणीव भरून काढलीच पाहिजे.

कारण या उणिवेमुळे सहीला भाव येतो. ‘सही देतो, मागची पोटगी सोड’, एवढ्यावर सौदा ठरतो. कागदोपत्री नव्या नवऱ्याची ‘सावत्र वडील’ अशी नोंद करायला लावणे हे जवळजवळ क्रूरपणाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले होते. मुलाला त्यातून सोडवायला आई काहीही मान्य करते. मग तडजोडीच्या कागदात ‘मुलाच्या पोटगीबाबत कोणतीही मागणी उरलेली नाही’ हे कलम येऊन बसते. ती पोटगी मुलाची असते, आईने परस्पर सोडून द्यावी अशी ती तिची मालमत्ता नव्हे. शिवाय याच कायद्याचे कलम १७ दत्तकासाठी पैसा किंवा मोबदला घेण्यास मनाई करते. थकबाकी माफ करून घेणे हा मोबदला नाही तर काय? दत्तक झाले की कलम १२ नुसार जन्मघराशी नाते त्या दिवसापासून तुटते, त्याआधीपासून नव्हे. पोटगी थकवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आले तरी देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. मग ते एका सहीने का फिटावे?

यावर आक्षेप येतो, की नोकरी गेलेल्या बापाने करायचे काय? आक्षेप रास्त आहे. पण न देणारा आणि देऊ न शकणारा यांतला फरक न्यायालयाला करता येतो. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा दंडक रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने घालून दिलाच आहे. कॅलिफोर्नियात ताबा न्यायालयाच्या आदेशाने एकाकडे असेल आणि दुसऱ्याने ऐपत असून वर्षभर खर्च दिला नाही, शिवाय जाणूनबुजून संपर्कही ठेवला नाही, तर त्याची संमती लागत नाही. दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध व्हाव्या लागतात, आणि आपणही हेच घ्यावे. आईनेच भेटी अडवल्या असतील, तर ‘संपर्क ठेवला नाही’ हा आरोप बापावर टिकू नये. वैध दत्तक कलम १५ मुळे मागे घेता येत नाही, त्यामुळे हा अपवाद नुसत्या नोंदणीकृत दत्तकपत्रावर सोपवून चालणार नाही. कुटुंब न्यायालयाने बापाला नोटीस काढून, त्याचे म्हणणे ऐकून निर्णय द्यावा, आणि त्याच आदेशात दत्तकाच्या तारखेपर्यंतची थकबाकी मुलाच्या नावे किती, याचा आकडा लिहावा.