दहा मीटरचा धंदा

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने आपली सहा लेनची एअर रायफल रेंज बंद केली. पुल्या आणि लोखंडी पत्रे भंगारात गेले, रायफली एका साखळी अकादमीने पडत्या भावात उचलल्या. आता तो त्याच अकादमीत पगारावर शिकवतो. ‘सुटलो बुवा,’ म्हणाला. मला ते पटलं नाही.

आपल्याकडे नेमबाजीची कथा दादासाहेब मावळंकरांपासून सुरू करतात. लोकसभेचे पहिले सभापती, आणि 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. पुढची बरीच वर्षं लष्कर, पोलिस आणि हौशी श्रीमंतांची. स्वतःच्या हिमतीवर शिकवून पोट भरणारा माणूस त्यात सापडत नाही, तेव्हा ती वर्षं सोडून देतो. 2000 साली अंजली वेदपाठक सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि मध्यमवर्गीय घरांत हा खेळ पहिल्यांदा शिरला.

आम्हा स्वतंत्र प्रशिक्षकांचे दिवस मात्र 2008 च्या ऑगस्टमध्ये उगवले. बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राला सुवर्ण मिळालं आणि आईबाप मुलांना घेऊन पत्ते शोधू लागले. 2010 मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, 2012 ला लंडनमध्ये गगन नारंगने कांस्य घेतलं. पॉइंट टू-टूची, म्हणजे .22 बोअर रायफलची, रेंज काढायची तर परवान्यांचा डोंगर. एअर रायफलला परवाना लागत नसे. (2016 च्या शस्त्र नियमांनी पुढे साडेचार मिलिमीटर आणि 20 जूल ही हद्द आखून दिली.) लांबट खोली मिळाली की झालं. मी एका मंगल कार्यालयाचा बंद पडलेला जेवणाचा हॉल भाड्याने घेतला. पंगतीची खोली, त्यामुळे लांबी आयतीच होती. मागे पत्रा, टार्गेटवर दिवे, हवा भरायला डायव्हिंगचा सिलिंडर. परदेशी रायफलची किंमत लाखांत, म्हणून एकीवर चार पोरं शिकत.

पहिले काही आठवडे छर्रा द्यायचाच नाही, हा आमचा रिवाज. नुसतं उभं राहायचं, रायफल धरायची, श्वास आणि ट्रिगर. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, एखाद्या टिंबाएवढं. तिथे उतावळेपणाला जागाच नाही. हे कळणारे पालक तेव्हा होते. न कळणारेही होते. आवाज येतो म्हणून शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, आणि आलेल्या हवालदाराने स्वतःच पाच छर्रे मारून पाहिले. खरा मनस्ताप दिला तो एका स्थानिक संघटनेने. पोरं आम्ही घडवायची आणि स्पर्धेच्या अर्जावर सही हवी तर क्लब त्यांचा लावायचा. एका शाळेने तर माझ्या मुलीच्या पदकाचा फोटो आपल्या माहितीपत्रकावर छापला. त्या शाळेने तिला सरावासाठी एक तास कधी सोडलं नव्हतं. (माझी म्हणजे माझी विद्यार्थिनी. आम्ही असंच म्हणतो.)

मग इलेक्ट्रॉनिक टार्गेट आलं. अचूक आहे, वाद नाही. पात्रता फेरीत दशांशात गुण मोजायचे तर कागद पुरा पडत नाही. पण एका लेनची किंमत लहान माणसाच्या आवाक्याबाहेर, आणि पोर प्रत्येक शॉटनंतर पडद्याकडे बघतं. शरीराने काय केलं ते विचारलं तर सांगता येत नाही, 10.4 मात्र लगेच सांगतं. बापाचा पहिला प्रश्न असतो क्रीडागुणांचा, दुसरा ‘तीन महिन्यांत स्टेट होईल ना?’ असा. साखळी अकादम्या ‘होईल’ म्हणतात.

2024 मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं तेव्हा पुन्हा फ्लेक्स लागले. त्याच्यामागे दीपाली देशपांडे यांच्यासारखी प्रशिक्षक आणि रेल्वेची नोकरी होती, हे फ्लेक्सवर मावत नाही. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून नेमबाजी गेली, ग्लासगोलाही नाही. तरी गर्दी आहे. म्हणजे मुलं कमी पडलेली नाहीत. माझ्या सहकाऱ्याला भाड्याने खाल्लं.

महापालिका शाळांची कितीतरी सभागृहं संध्याकाळी कुलपात असतात. त्यातली काही परवडणाऱ्या भाड्यात स्वतंत्र प्रशिक्षकांना द्या, आणि स्पर्धेच्या अर्जावर त्यांच्याच क्लबचं नाव लिहू द्या. अनुदान आम्ही कधी मागितलं नव्हतं.