जुनी मोटार, नवे इंजिन : जमा-खर्चाचा विचार

वस्तू जुनी झाली म्हणून ती टाकून देण्याची रीत व्यापारी घराण्यांत नाही. तराजू, गल्ल्याची पेटी, चोपड्यांचे बासन यांच्याच जोडीने अनेक घरांच्या वखारीत वा वाड्याच्या पडवीत आजही एखादी जुनी मोटार उभी असते. वडीलधाऱ्यांनी ती हौसेने घेतलेली असते. तीत बसून घरची वरात निघालेली असते, बावनगजाची वा सिद्धवरकूटची यात्रा झालेली असते आणि प्रसंगी कापडाचे गठ्ठेही वाहिले गेलेले असतात. आता घरातील तरुण मंडळी म्हणतात, “गाडी हीच ठेवू, पण इंजिन नवे बसवू.” ही इच्छा अनादराची नव्हे. गाडी पडवीत गंजण्यापेक्षा रस्त्यावर धावावी, असेच त्यांना वाटते. मात्र नवे इंजिन हा एका कलमाचा व्यवहार नाही. ते एक कलम खात्यावर चढले की त्यामागून दहा कलमे येतात, आणि ती आधी न मांडता कामास हात घालणारा मनुष्य अर्ध्या वाटेत अडकतो. या हिशोबाची मांडणी सभासद बंधुभगिनींपुढे करावी, एवढाच आमचा हेतू.

उदाहरण दूरचे शोधावयास नको. १९४२ मध्ये बिर्ला उद्योगसमूहाने स्थापन केलेल्या हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अॅम्बॅसडर गाडी तयार केली. बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७-५८ च्या सुमारास सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अर्धशतकाहून अधिक काळ गाडीचा बाह्य आकार फारसा बदलला नाही. पोटातील यंत्र मात्र वारंवार बदलले. आरंभीचे बाजूच्या व्हॉल्व्हचे इंजिन जाऊन लवकरच तिला १,४८९ घन सेंटिमीटरचे, वरच्या व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले. १९८० च्या सुमारास त्याच घराण्यातील डिझेल इंजिन आले; त्याची शक्ती चाळीस अश्वशक्तीहूनही कमी होती. पुढे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानच्या इसुझू कंपनीच्या रचनेचे १.८ लिटरचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसले. ही इसुझू इंजिने आपल्या इंदूरशेजारच्या पिथमपूर येथे तयार होत, हे माळव्यातील वाचकांस अभिमानाने सांगावेसे वाटते.

म्हणजे जुन्या देहात नवे यंत्र घालण्याचा उद्योग खुद्द कारखान्यानेच केला. परंतु कारखान्याने इंजिन एकटे बसविले नाही. त्याच्यासोबत पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स दिला, आणि पुढील काळात काही प्रकारांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. इंजिन ही जमेची बाजू असेल, तर गिअरबॉक्स, धुरा, ब्रेक, रेडिएटर आणि विजेच्या तारा ही तिच्या समोरची खर्चाची बाजू होय. दोन्ही बाजू जुळल्या तरच खाते बंद होते.

पहिले कलम जागेचे व वजनाचे. नवे इंजिन बॉनेटखाली मावले, एवढ्याने भागत नाही. त्याची तेलाची टाकी खालच्या आडव्या तुळईवर वा स्टिअरिंगच्या दांड्यांवर आदळते काय, हे पाहावे लागते. अॅम्बॅसडरला स्वतंत्र चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहतो. म्हणून इंजिन टेकविण्याचे आधार जेथे जोडावयाचे, तेथील पत्रा गंजलेला असेल तर डिझेल इंजिनाच्या हादऱ्यांनी तो तडकतो. इंजिन जड असेल तर पुढील टॉर्शन बार दबून गाडीचे नाक खाली जाते. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्टही कापून वा वाढवून नव्याने तोलून घ्यावा लागतो; त्याच्या दोन टोकांच्या जॉइंटचे कोन जुळले नाहीत तर साऱ्या गाडीला कंप सुटतो.

दुसरे कलम गिअरच्या गुणोत्तराचे. ताशी ८० किलोमीटरच्या सुमारास जुन्या मापाचे चाक मिनिटाला साधारण ६५० फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर साडेचार धरल्यास चौथ्या, सरळ गिअरात इंजिनास २,९२५ फेरे घ्यावे लागतात. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८५ असेल, तर हेच काम २,४८६ फेऱ्यांत होते. आवाज, झीज आणि इंधन या तिन्हींत बचत होते ती येथे. केवळ इंजिन बदलून जुना गिअरबॉक्स तसाच ठेवणारा या लाभास मुकतो. शिवाय वाढलेली शक्ती जुन्या क्लचवर व धुऱ्याच्या दात्यांवर येऊन पडते. यास्तव इंजिन व गिअरबॉक्स एकाच गाडीतून, एकत्र घेणे हाच शहाणपणाचा सौदा.

तिसरे कलम ब्रेकचे, आणि येथे प्रश्न प्राणाचा आहे. गाडीच्या गतीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविण्यास ब्रेकला सव्वादोन पट उष्णता पचवावी लागते. जुने ड्रम ब्रेक मॉरिसच्या माफक शक्तीस पुरेसे होते. घाटाच्या उतारावर तापून ते निकामी होऊ लागले, तर नव्या इंजिनाचे कौतुक तेथेच संपते. ब्रेकचा बूस्टर निर्वातावर चालतो, आणि तो निर्वात पेट्रोल इंजिनात आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात मात्र त्यासाठी वेगळा पंप लागतो. हा पंप विसरल्यास पेडल पायाखाली दगडासारखे घट्ट होते.

चौथे कलम विजेचे व इंधनाचे. जुन्या मॉरिस गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. आजची इंजिने ऋण बाजू सांगाड्यास जोडण्याच्या पद्धतीवर बेतलेली असतात. आजच्या इंजिनाचा कारभार संगणकीय पेटी पाहते. तिला अनेक संवेदकांकडून वार्ता हवी असते, आणि मूळ गाडीच्या किल्लीची ओळख पटल्यावाचून ती कित्येकदा इंजिन सुरूच होऊ देत नाही. कार्बोरेटरला पेट्रोल अगदी थोड्या दाबाने पुरते. इंजेक्शनच्या इंजिनास विजेचा, मोठ्या दाबाचा पंप लागतो. जुन्या टाकीतील गंज कार्बोरेटरने कसाबसा सोसला असेल, इंजेक्टर तो सोसत नाही. म्हणून टाकी आणि नळ्या यांचाही खर्च आधीच धरावा.

हे सर्व नेटकेपणाने जमते, याची साक्ष इंग्लंडमध्ये आहे. तेथील एमजीबी या छोट्या गाडीत अॅम्बॅसडरच्याच घराण्यातील, बी मालिकेचे इंजिन असे. केन कॉस्टेलो या कारागिराने तीत रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. मागाहून १९७३ मध्ये कारखान्यानेही तशी गाडी बाजारात आणली. रहस्य शक्तीत नव्हते, वजनात होते. रोव्हरचे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने जुन्या बिडाच्या इंजिनाहून फारसे जड नव्हते, म्हणून गाडीचा तोल ढळला नाही.

आता कायद्याचे कलम. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीतील तपशील वेगळा पडेल असा बदल मालकास मनास येईल तसा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच दंडक स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. म्हणून परिवहन कार्यालयाची लेखी अनुमती आधी, मिस्त्रीची हातोडी मागाहून. अनुमती न घेता बदललेल्या गाडीस अपघात झाल्यास विम्याचा दावाही धोक्यात येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार केलेली गाडी या मानास मुकते. अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरास वा धंद्यास चालत नाही, हेही खरे. पण जिचे मूळ इंजिन क्रमांकासह शाबूत आहे, तिला कापण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

कित्येकदा रोगापेक्षा औषध भारी होते. सन २००० मध्ये देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हापासून जुन्या बिडाच्या हेडमधील एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याची तक्रार ऐकू येते. त्या जागी कठीण पोलादाच्या बैठका बसविता येतात. पेट्रोलमधील इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि रबरी वायसर घालता येतात, रेडिएटर स्वच्छ करता येतो. एवढ्या दुरुस्तीने मूळ इंजिन पुन्हा उमेदीने चालणार असेल, तर नव्याचा मोह कशाला? परंतु मूळ इंजिन केव्हाच भंगारात गेले असेल आणि केवळ देह उरला असेल, तर रीतसर अनुमती घेऊन, कुशल हातांनी नवे यंत्र बसविण्यात आम्हास गैर काही दिसत नाही. मात्र काम असे करावे की शक्यतो मूळ पत्रा कापला जाऊ नये. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावा.

आपल्या दर्शनाने प्रत्येक द्रव्याच्या ठायी उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तीन अंगे सांगितली आहेत. ती पाहण्यास पडवीतील मोटारही पुरेशी आहे. नवे इंजिन आले, हा उत्पाद; जुने गेले, हा व्यय. पण या दोहोंत ध्रुव काय राहणार, हे मालकाने पहिल्या दिवशीच ठरवावयास हवे. काही घरांत ते मूळ यंत्र असेल, काही घरांत आजोबांची आसने व दारांचा तो ओळखीचा आवाज, तर काही घरांत गाडीतून पुन्हा एकदा सहकुटुंब यात्रेस जाणे. ते एकदा ठरले, की कोणते कलम लिहावयाचे आणि कोणते वगळावयाचे, याचा हिशोब आपोआप जुळतो.