शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. अम्मी मात्र सांगायची, 'तू पोळ्याच्या आदल्या रात्री झालास.' पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. पण नाव घालताना गुरुजींनी विचारले नाही आणि वडिलांनी सांगितले नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात माझ्या वयाचे असे '१ जूनवाले' गावोगाव भेटतात. आम्ही त्यावर हसतो. पण अशा एका ओळीवर माणसाचा जीव टांगलेला असू शकतो, हे मला फार उशिरा कळले.

१९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फाशी झालेल्यांपैकी एक जण राजस्थानचा. पुढे बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या रजिस्टरात त्याची नोंद सापडली : जन्म १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता! खटल्यात मात्र त्याचे नावही वेगळे लागले होते. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करावे लागले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. तोवर २८ वर्षे तुरुंगात गेली होती.

त्याची बाजू लढवली दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ ए' या गटाने. गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, असे सांगणारे कलम ३९-अ १९७६ साली घटनेत आले. त्यावरून हे नाव. याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ पासून तुरुंगांत आणि कैद्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. २०१६ च्या त्यांच्या अहवालात ३७३ फाशीच्या कैद्यांची माहिती आहे. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. हाच गट आता हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात 'द स्क्वेअर सर्कल क्लिनिक' या नावाने काम करतो.

बारावीनंतर कायद्याला गेलेल्या मुलामुलींना पाच वर्षांत किमान २० आठवडे उमेदवारी करावीच लागते. तिलाच इंटर्नशिप म्हणतात. फाशीच्या खटल्यात असा विद्यार्थी काय करतो? तो कोर्टात उभा राहत नाही. ते काम सनदी वकिलाचे. तो सगळे कागद वाचून तारीखवार टिपण करतो. मराठी जबाबांचे इंग्रजी भाषांतर करतो, कारण सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो. दाखल-खारीज रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दवाखान्याची चिठ्ठी शोधतो. वकिलांबरोबर आरोपीच्या आईसमोर बसतो. शाळा कधी सुटली, ऊसतोडीला कितव्या वर्षी गेला, डोक्याला मार लागला होता का, हे एका भेटीत कुणी सांगत नाही. पुन्हा जावे लागते. आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नसते.

कुणी विचारील, मेलेल्यांच्या घरच्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. त्यांचे दुःख खरे आहे आणि ते कोणत्याही कागदाने पुसत नाही. परंतु १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून कायदा सांगतो, फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणीच. गुन्हा पाहा, तसा गुन्हेगारही पाहा. २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की आरोपीचे घर, शिक्षण, मनःस्थिती यांची माहिती खालच्या कोर्टातच गोळा व्हावी. ती गोळा करायला कुणी गेलेच नाही, तर न्यायाधीश पाहणार काय?

मी नुसता बी.ए. झालेला कवी. कायदा मला कळतो तो इतकाच. पण शब्दांशी माझे रोजचे काम आहे. 'पोरगं तापानं फणफणलं अन् तवापासून बदललं,' हे औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या आईचे वाक्य ज्याला नीट ऐकू येईल, तोच ते नीट लिहील. ते कान आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना आहेत. आपल्या घरातले कुणी कायदा शिकत असेल, तर त्यातले चार आठवडे त्याने या कामाला द्यावेत, असे त्याला जरूर सांगा.

आणि गुरुजी, नव्या मुलाचे नाव घालताना जन्मतारीख तेवढी विचारून लिहा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)