रायफलीचा धक्का आणि तोंडावरचा लगाम

ज्यानें आयुष्यांत एकदां तरी रायफल झाडली आहे त्याला तिच्या धक्क्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं; त्याचा खांदाच साक्ष देईल. ज्यानें झाडलेली नाहीं त्यानें होडींतून बंदराच्या पायरीवर उडी घेणारा उतारू डोळ्यांपुढें आणावा. उतारू पुढें जातो, होडी मागें सरते. गोळी पुढें गेली कीं रायफल मागें आलीच पाहिजे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमांतून कोणाचीच सुटका नाहीं.

हा धक्का कमी करण्याचा एक सोपा उपाय म्हणजे रायफल जड करणें. पण ती खांद्यावर घेऊन दहा कोस चालणाऱ्या शिपायाला विचारल्यावांचून तो सुचवूं नये हें बरें! दुसरा उपाय नळीच्या तोंडाशीं बसवितां येतो. त्याला मझल-ब्रेक म्हणतात. लोखंडाचा वीतभरही लांब नसलेला हा तुकडा एवढ्या जोराला आवरतो तरी कसा, हें समजण्यासाठीं थोडा हिशेब करूं.

दोन्ही महायुद्धांत आपल्या पलटणींच्या हातीं असलेली ली-एन्फील्ड रायफल घ्या. इशापूरच्या कारखान्यांतही ती तयार होत असे. तिचें वजन सुमारें ४ किलोग्रॅम. तिच्या 'मार्क ७' काडतुसांतील गोळी ११.३ ग्रॅमची असून ती सेकंदाला सुमारें ७४४ मीटर वेगानें बाहेर पडते. वजन व वेग यांचा गुणाकार केला म्हणजे गोळीचा संवेग ८.४ येतो. पुष्कळ लोक हिशेब येथेंच थांबवितात, आणि तेथेंच चुकतात. काडतुसांत सुमारें अडीच ग्रॅम कॉर्डाइट दारू असते. ती जळली म्हणून तिचें वजन नाहींसें होत नाहीं; तिचा तितक्याच वजनाचा वायु होतो. गोळी बाहेर पडतांच बाटलीचें बूच उडाल्यासारखें होतें आणि कोंडलेला वायु गोळीहूनही अधिक वेगानें तिच्यामागून धांवतो. त्याचा वेग सरासरीनें १२०० मीटर धरला तर त्याचा संवेग ३ भरतो. म्हणजे खांद्याला बसणाऱ्या एकंदर धक्क्यापैकीं सुमारें चौथा हिस्सा गोळीचा नसून वायूचा आहे!

गोळीला अडवितां येत नाहीं. तिला जाऊं देण्यासाठींच तर सारा खटाटोप. पण वायूचें काम आतां संपलेलें असतें. त्याला पुढच्या दारानें न जाऊं देतां बाजूच्या दारानें काढून द्यावें, हीच मझल-ब्रेकची सारी युक्ति. ब्रेकमध्यें आडवे पडदे असतात. प्रत्येक पडद्याला गोळी जाईल एवढेंच भोंक, व दोन्ही बाजूंस फटी. वायु पडद्यावर आदळतो, त्यास पुढें ढकलतो आणि बाजूंनीं निसटतो. पडदे मागें कललेले असले तर वायु मागच्या दिशेस वळतो, व रायफल आणखी पुढें ओढली जाते. सर्वांत अधिक काम पहिलाच पडदा करतो. पुढच्या पडद्यांना उरलेल्या वायूवर समाधान मानावें लागतें. कांहीं वायु गोळीच्या वाटेनेंच पळतो. भोंक फार लहान ठेवून त्यास अडवावें, तर ब्रेक किंचित् तिरपा बसला तरी गोळीच पडद्याला घासते.

यावरून एक गोष्ट निघते. दारू जितकी अधिक, तितका ब्रेकचा उपयोग अधिक. लहानशा .२२ रायफलीला तो लावणें म्हणजे मुंगीला लगाम घालणें होय. उलट रणगाडे फोडण्यासाठीं १९१८ सालीं जर्मनांनीं काढलेल्या १३ मिलिमीटरच्या मौझर रायफलीला ब्रेक नव्हता, आणि तिचा धक्का शिपायांना नकोसा होई. १९३७ च्या सुमारास ब्रिटिशांनीं याच कामासाठीं आणलेल्या बॉइज रायफलीला ब्रेक दिला, स्प्रिंग दिली, दस्त्याला गादीही दिली. वजन १६ किलोग्रॅम! तरीही ती झाडणारास खांदा चोळीत बसावें लागे.

आतां नळीचें तोंड वर कां उसळतें तें पाहूं. धक्का येतो तो नळीच्या रेषेंत. त्याला अडविणारा खांदा मात्र त्या रेषेच्या खालीं असतो. दोन विरुद्ध जोर एका रेषेंत नसले कीं वस्तु फिरते. म्हणून तोंड वर जातें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोळी नळींत असते तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून फारसा अधिक नसतो. तेवढ्यांत रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागें सरते. ब्रेकला वायु मिळतो तो त्यानंतर. तेव्हां ब्रेक पहिल्या गोळीचा नेम सुधारीत नाहीं. दुसऱ्या गोळीसाठीं रायफल लवकर जागेवर आणतो.

तोंड खालीं दाबण्यासाठीं वायूला वर सोडावें लागतें. १९२८ च्या थॉम्प्सन बंदुकीवरील कट्स यांच्या साधनाला वरच्या अंगास फटी होत्या. रशियाच्या १९५९ च्या एकेएम रायफलीचें तोंड तर बोरूच्या टोकासारखें तिरपें छाटलेलें आहे. उजव्या खांद्याची बंदूक वर व उजवीकडे जाते, म्हणून हा छाट तिला खालीं व डावीकडे ढकलतो. डावखुऱ्याचा विचार त्यांत नाहीं. वरच्या फटींतून निघालेली ज्वाळा रात्रीं डोळे दिपविते. खालीं फटी ठेवल्या तर पालथा पडलेला नेमबाज धुळीनें माखतो.

तोंडावरचें प्रत्येक साधन ब्रेक असतें असेंही नाहीं. १९४४ सालच्या 'जंगल कार्बाइन'च्या तोंडाशीं जो कर्णा दिसतो, तो ज्वाळा झांकण्यासाठीं आहे. तो वायूला पुढेंच मोकळा सोडतो, धक्का आवरीत नाहीं. आणि ती रायफल हलकी असल्यामुळें धक्क्यासाठीं बदनामच झाली.

ब्रेकची किंमत मात्र कानांना द्यावी लागते. रायफलीचा आवाज ब्रेकवांचूनही १६० डेसिबेलच्या आसपास जातो, आणि असा क्षणिक आवाज १४० च्या पुढें गेला कीं कानाला धोका असतो. ब्रेक तोच आवाज नेमबाजाकडे व त्याहून अधिक शेजाऱ्याकडे वळवितो. आंतल्या कानांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. खांद्यावरचा काळा डाग आठ-पंधरा दिवसांत जातो. हें बहिरेपण जात नाहीं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणें रायफलीला ब्रेक लावण्यास मनाई आहे. इतरत्र जेथें तो चालतो, तेथें कानांत बोळे घालून वर झांकणेंही चढवितात, आणि ब्रेकवाल्याला ओळीच्या अगदीं टोकास बसवितात.