गुलमर्गचा बर्फ आणि आपली मुले

पालकहो, हिवाळ्यात मुलांना घेऊन काश्मीरला निघाला असाल, तर गुलमर्गला नुसते फोटो काढून परतू नका. हे गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, एवढं सांगितलं की मुलांना अंदाज येतो. गोंडोला पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवटकडे नेते. लहान मुलांना पहिलाच टप्पा पुरे. वर हवा विरळ असते, डोकं दुखतं, मळमळतं. मूल गप्प गप्प झालं तर लगेच खाली आणा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

स्कीइंग शिकायला खालचे सौम्य उतार आहेत. बूट बर्फात रुततो, स्की का रुतत नाही? कारण वजन लांब पट्टीवर पसरतं. दाबाचा पाठ शिकवताना हेच उदाहरण घ्या.

आतून सुती कपडे नकोत, ओले झाले की अंगाची ऊब जाते. गॉगल मात्र हवाच (मला तो आधी नुसता थाट वाटायचा!). बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे चुरचुरतात.

स्लेज ओढणारे तिथलेच रहिवासी. भाव बसण्याआधीच ठरवा. बर्फ कमी पडला की त्यांचा रोजगार बुडतो, हेही मुलांना सांगा.